उपवासाला चालेल का?

माझी शेवटची नोकरी वर्तमानपत्रातली नव्हती. सकाळी वृद्ध माणसांच्या घरी जायचं, काल काय काय खाल्लं ते विचारायचं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत म्हणायला लावायचे आणि निघताना त्यांच्या शौचाचा नमुना झाकणाच्या डबीत घेऊन यायचं, अशी ती नोकरी होती. या दिवाळी अंकाच्या संपादकांना वर्तमानपत्रातल्या दिवसांवर लेख हवा होता. त्या दिवसांवर माझ्या वयाच्या बहुतेकांनी लिहिलं आहे आणि ते साधारण सारखंच आहे. म्हणून हे दुसरं.

बऱ्हाणपूरच्या आमच्या कार्यालयाला कुलूप लागलं तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं बाकी होती. पानं दुसऱ्या शहरात लागणार होती, त्यासाठी इथे उपसंपादक नको होता. त्याच सुमारास बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेला या शहरासाठी माणूस हवा होता. मराठी आणि हिंदी दोन्ही यावं, गल्ल्या माहीत असाव्यात आणि अनोळखी माणसाला नको ते प्रश्न विचारायची सवय असावी, अशी त्यांची अपेक्षा होती. तिसऱ्या बाबतीत माझ्या तोडीचा उमेदवार त्यांना मिळाला नसावा.

काम मेंदूबद्दल होतं, पण सुरुवात आतड्यापासून होती. ते आधी सांगायला हवं. हिरव्या, कच्च्या केळ्यात एक प्रकारचं पिष्ट असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे राहणारे जिवाणू ते खातात आणि त्यापासून काही आम्लं तयार करतात. त्यातल्या एकाचं नाव ब्युटिरेट. ते आतड्याच्या अस्तराला पोसतं, थोडं रक्तातही उतरतं. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची वाट आहे, रक्ताची तर आहेच. या आम्लांमुळे शरीरातला दाह कमी झाला तर उतारवयात मेंदूची झीज सावकाश होईल, अशी शास्त्रज्ञांची अटकळ आहे. उंदरांमध्ये तसं काही दिसलं आहे. माणसांमध्ये दिसतं का, ते पाहायचं होतं. ‘होतं’ आणि ‘होऊ शकतं’ यांतला फरक मी अनेक वर्षं इतरांच्या बातम्यांमध्ये दुरुस्त करत आलो होतो. इथे सगळं काम त्या फरकावरच उभं होतं.

केळं पिकलं की त्या पिष्टाची साखर होते. पीठ शिजवलं तरी ते बरंचसं नाहीसं होतं. आमचा जिल्हा केळ्याचा आहे. इथे घड हिरवा कापतात, ट्रकमध्ये भरतात आणि पाठवून देतात. घरात खातात ते पिकलेलं. संशोधकांना ज्या अवस्थेतलं केळं हवं होतं, ते आम्ही सगळ्या देशाला दिलं होतं आणि स्वतः क्वचित खाल्लं होतं.

प्रत्येकाला रोज सकाळी एक पुडी, न शिजवता, ताकात कालवून. निम्म्या लोकांच्या पुडीत कच्च्या केळ्याचं पीठ. उरलेल्यांच्या पुडीत मक्याचं, जे लवकर पचतं आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. दोन्हींत जिरं आणि मीठ. रंग आणि चव सारखी केलेली. पुडीवर फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकात काय आहे हे शहरात कोणालाही माहीत नव्हतं. मला नव्हतं आणि तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. आपण खरं औषध घेतो आहोत असं कळलं की माणसाला बरं वाटू लागतं आणि विचारणाऱ्यालाही तो बरा दिसू लागतो. म्हणून दोघांनाही अंधारात ठेवायचं, अशी ही पद्धत आहे.

लोकांनी या पद्धतीला आपापल्या परीने तोंड दिलं. केळ्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या एका आडत्याने पुडी हुंगून छातीठोकपणे सांगितलं की हा मका आहे. पुढच्या भेटीत त्याच क्रमांकाची पुडी हुंगून तितक्याच खात्रीने हे केळं आहे असं सांगितलं. इतवारा भागातल्या एका घरात सुनेने महिन्याच्या सगळ्या पुड्या एकत्र मळून दशम्या केल्या, कारण घरातल्या एकाच माणसाने वेगळं काही खायचं हे तिला बरं दिसलं नाही. मलाही दोन वाढल्या. संशोधनाचं साहित्य मी लसणाच्या चटणीबरोबर खाल्लं आणि तसं कळवलं. एका कापड व्यापाऱ्याने नमुन्याची डबी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली. त्या घरात पुढे बराच काळ दही बाहेरून येत होतं.

नमुने बर्फात ठेवून लालबागच्या स्टेशनवरून गाडीने पाठवायचे असत. बर्फ एका कुल्फीवाल्याकडून घेत असे. थर्मोकोलचा डबा पाहून रेल्वेच्या एका हवालदाराला वाटलं की आत बऱ्हाणपूरची माव्याची जलेबी आहे. त्याने उघडायला सांगितलं. काय आहे ते मी सांगितल्यावर तो म्हणाला, “बंद ही रहने दो.” त्यानंतर माझा डबा कोणी अडवला नाही.

पहिली खरी अडचण एका मथळ्याने आणली. स्थानिक हिंदी दैनिकात या कामाची बातमी आली. मजकूर ठीक होता. मथळा असा होता की कच्चं केळं खाल्लं की विसरभोळेपणा जातो. मथळा लिहिणारा माझ्याच हाताखाली तयार झालेला होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला की ‘शक्यता आहे’ हे शब्द त्या कॉलमात बसत नव्हते. पुढचे काही आठवडे माझ्याकडे माणसं येत राहिली. त्यात रघुनाथराव होते. नाव बदललं आहे. पुढचीही नावं बदललेली आहेत.

रघुनाथराव लोधीपुऱ्यात राहतात. कापडाचं दुकान आहे, ते आता बहुतेक मुलगा बघतो. त्यांच्या पत्नी कमलबाई मराठी शाळेत शिक्षिका होत्या. गावातल्या दोन पिढ्या त्यांना बाई म्हणत आल्या होत्या आणि रघुनाथरावही चारचौघांत त्यांना बाईच म्हणत. बाईंनी गेल्या वर्षभरात दुधाचं पातेलं तीनदा जाळलं होतं, भाचीच्या लग्नात भाचीलाच तू कोणाची असं विचारलं होतं. बऱ्हाणपूर आणि जळगावच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. रघुनाथरावांच्या हातात बातमीचं कात्रण होतं. मथळा त्यांनी बोटाने दाखवला.

मी त्यांना सगळं सांगितलं: हे औषध नाही, हा शोध आहे, मिळेल ती पुडी मक्याचीही असू शकेल, केळ्याची मिळाली तरी गुण येईलच असं कोणी म्हणत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “केळ्याची मिळू शकते ना पण?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मंग तिले घ्या त्यात.”

पहिल्या भेटीत बाईंनी माझीच परीक्षा घेतली. काल काय खाल्लं हे सांगताना त्या सुनेकडे, रूपालीकडे, बघत होत्या आणि रूपाली त्यांच्या पाठीमागून खुणा करत होती. मी पाच शब्द सांगितले: घागर, दोरी, चिंच, खिडकी, सोनं. बाई म्हणाल्या की शब्द पाठ करून घेताना इतक्या भराभर सांगायचे नसतात. मी सावकाश पुन्हा सांगितले. थोडा वेळ इतर प्रश्न विचारून मी शब्द म्हणायला सांगितले. घागर आणि दोरी आली. पुढे काही आलं नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या, तरी खिडकी आली नाही. मग त्यांनी मला सांगितलं, “लिहा. पाचपैकी दोन. नापास.” आणि हसल्या. रघुनाथराव उठून आत गेले.

अभ्यासासाठी त्या पात्र ठरल्या. पुड्या सुरू झाल्या. आणि पहिल्याच सोमवारी तो प्रश्न आला, जो संस्थेतल्या कोणालाही सुचला नव्हता.

बाईंचे सोमवार होते. मुलगा लहानपणी विषमज्वराने आजारी पडला तेव्हा धरलेले. बहुतेक लोक सोमवार रात्री सोडतात. बाई मंगळवारी सकाळी सोडायच्या, अखंड दिवस धान्य नाही. शिवाय दोन्ही एकादश्या, श्रावण आणि नवरात्राचे नऊ दिवस. सासूचं नाव, शाळेचं नाव, घरात किती माणसं आहेत हे त्यांच्या हातून निसटत होतं. पण सोमवार निसटला नव्हता. रूपालीने सांगितलं की सकाळी उठून त्या कॅलेंडरपाशी उभ्या राहतात, वार वाचतात आणि सोमवार असेल तर स्वयंपाकघरात येऊन सांगतात, “माझं धरू नको.”

पुडी हातात घेऊन बाईंनी मला विचारलं, “हे उपवासाला चालेल का?”

केळं चालतं. मका चालत नाही. मला उत्तर माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी देता आलं नसतं, कारण ते उत्तर म्हणजेच पुडीतलं गुपित होतं. मी म्हणालो की मला माहीत नाही.

“माहीत नाही तर वाटता कशाला?” बाई म्हणाल्या.

रघुनाथराव मध्ये बोलले, “केळ्याचं आहे ते. बिनघोर घे.”

“यांना माहीत नाही आणि तुम्हाला माहीत?” असं म्हणून बाईंनी पुडी फळीवर ठेवून दिली.

मी संस्थेला फोन केला. पलीकडच्या डॉक्टरबाईंनी प्रश्न दोनदा सांगायला लावला. दोन दिवसांनी निर्णय आला. उपवासाच्या दिवशी पुडी घेतली नाही तरी चालेल. मात्र ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दिवस चुकले तर त्या व्यक्तीला अभ्यासातून वगळावं लागेल. इतर घरांमध्ये हे सहज निभावलं. एका आजोबांनी त्या वर्षापुरते उपवासच सोडून दिले आणि त्याबद्दल संस्थेचे आभार मानले. बाईंच्या उपवासांची बेरीज मात्र मर्यादेच्या बरीच बाहेर जात होती. श्रावण कसाबसा पार पडला असता. नवरात्र पार पडणार नव्हतं.

मी हे रघुनाथरावांना दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईकाला बसवून ठेवलं आणि मला पायरीवर आणलं. वगळलं तर पुन्हा घेतील का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. ते गिऱ्हाईकाकडे परत गेले.

रिकाम्या पुड्या परत घ्यायच्या आणि मोजायच्या, हा माझ्या कामाचा भाग होता. श्रावणानंतर गेलो तेव्हा लोधीपुऱ्यातल्या पिशवीत सगळ्या पुड्या रिकाम्या होत्या. दसऱ्यानंतर गेलो तेव्हाही. नवरात्रातल्यासुद्धा. पीठ नाल्यात ओतून रिकाम्या पुड्या देणारी घरं मी पाहिली होती. तसं इथे नसेल असं वाटत होतं, पण विचारणं भाग होतं. रूपाली चहा ठेवायला आत गेली होती. बाई झोपल्या होत्या. मी विचारलं की नवरात्रात पुडी कोणी घेतली.

“तिनंच.”

उपवास सोडून?

“उपवास धरून,” रघुनाथराव म्हणाले. मग खालच्या आवाजात एकेक सांगितलं. बाई रोज विचारतात, उपवासाला चालेल का. रोज ते सांगतात की चालते, केळ्याचं आहे. त्या मानतात आणि घेतात. पहिल्या सोमवारी त्यांनी मानलं नव्हतं, कारण मी समोर बसून माहीत नाही म्हणालो होतो. दुसऱ्या सोमवारी मी नव्हतो.

“तुमी सांगितलेलं तिले याद नाही राह्यत ना भाऊ,” ते म्हणाले. “मी सांगितलेलं पण नाही राह्यत. म्हणून दर वेळेस सांगा लागते.”

रूपाली चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “अंकल, पप्पांना मी बोलली होती, मका निघाला तर पाप लागेल. सुनते नाही ना ते.”

“लागलं तर मले लागन,” रघुनाथराव म्हणाले. “खाणाऱ्याले नाही लागत. सांगणाऱ्याले लागते.”

माझ्यापुढे तक्ता होता. पुड्या दिलेल्या, पुड्या परत आलेल्या, शिल्लक. आकडे बरोबर होते. पुडी कोणत्या शब्दावर घेतली गेली, यासाठी रकाना नव्हता आणि नियमही नव्हता. मी आकडे भरले आणि चहा घेतला.

मधल्या चाचणीत बाईंना पाचपैकी चार शब्द आठवले. शब्द नवे होते. पाचवा शब्द ‘कंदील’ होता, त्या म्हणाल्या, “काहीतरी उजेडाचं.” मला तो धरता आला नाही, नियम तसा आहे. रघुनाथरावांनी दुकानातून माणूस पाठवून जलेबी आणवली. मी त्यांना बजावलं की असा चढउतार एरवीही होतो; एखादा दिवस चांगला असतो, झोप नीट झालेली असते. हेच मी प्रत्येक घरी सांगत असे. ते मान हलवत राहिले आणि माझ्या ताटलीत वाढत राहिले. त्या दिवशी बाईंनी मला पेपरवाले म्हणून ओळखलं आणि वर्तमानपत्रात हल्ली शुद्धलेखन कोण बघतं, असं विचारलं. मी म्हणालो की कोणी बघत नाही. त्यांना ते पटलं.

पुढचा उतार लवकर आला. थंडी संपता संपता बाई घरातच शाळा भरवू लागल्या. कपाटाचं दार फळा होतं. रघुनाथराव त्यांना रघुनाथराव वाटेनासे झाले. शाळेत पूर्वी नामदेव नावाचा शिपाई होता, रघुनाथरावांना त्या तोच समजू लागल्या. नामदेव, खडू आणा. नामदेव, घंटा द्या. रघुनाथराव ताटावर चमचा वाजवून घंटा देत. ते त्यांनी मला हसत सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक त्यांना शेठ म्हणत होतं तेव्हासुद्धा ते इतके तत्पर नव्हते, असंही म्हणाले.

मी एकदा सोमवारी सकाळीच त्यांच्याकडे होतो. बाई कॅलेंडरपाशी जाऊन आल्या आणि बसल्या. रघुनाथरावांनी ताकाचा पेला आणला.

“आज सोमवार आहे नामदेव,” बाई म्हणाल्या. “हे चालेल का?”

“चालते बाई. केळ्याचं आहे.”

“तुम्हाला काय कळतं? आमच्या घरी जा. यांना विचारून या.”

रघुनाथराव पेला ठेवून बाहेर गेले. मी बसलो होतो तिथून ते ओट्यावर उभे असलेले दिसत होते. लोधीपुऱ्याच्या गल्लीतून एक हातगाडी जात होती, ती जाऊ दिली. मग आत येऊन दारापाशी उभे राहिले, जसा शिपाई उभा राहतो.

“विचारलं बाई. साहेब म्हणाले, चालते.”

“मग द्या,” बाई म्हणाल्या आणि पेला संपवला.

रोज असंच असतं का, हे मी बाहेर पडताना विचारलं. ते म्हणाले की सोमवारी आणि एकादशीला असतं. इतर दिवशी नामदेवच्या शब्दावर घेते. “नवऱ्यावर भरोसा आहे तिचा,” ते म्हणाले. “नवरा कोन ते याद नाही, पण भरोसा आहे.”

शेवटच्या चाचणीत त्यांनी मला प्रश्न विचारू दिले नाहीत. शब्दांचा कागद माझ्या हातातून घेतला, मला समोर बसवलं आणि शब्द मला म्हणायला लावले. मी पाचही म्हणून दाखवले. “शाब्बास,” त्या म्हणाल्या. तक्त्यात मी ‘चाचणी होऊ शकली नाही’ असं लिहिलं. तेवढंच लिहिता येत होतं.

अभ्यासाची मुदत संपली. पुड्या बंद झाल्या. रघुनाथरावांनी आणखी मिळतील का विचारलं, मिळणार नव्हत्या. त्यांनी ओळखीच्या बागेतून हिरवी केळी आणवून, चकत्या वाळवून, गिरणीतून पीठ करून आणलं. बाईंनी ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. वेगळं लागत असणार. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडला. पुढच्या थंडीत बाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, अंथरूण धरलं आणि छातीत कफ होऊन गेल्या. मी दहाव्याला गेलो होतो. तापीवर बरेच लोक होते. त्यातले पुष्कळसे त्यांचे विद्यार्थी होते आणि आता तेही म्हातारे दिसत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी संस्थेने क्रमांक उघडले. भाग घेतलेल्यांना, ते नसतील तर घरच्यांना, इच्छा असल्यास सांगावं, असं ठरलं होतं. ते घरोघर जाऊन सांगणं हे माझं शेवटचं काम. यादी आली त्या दिवशी मी ती एकदा वाचली. कोणत्या घरी काय बोलावं लागेल ते आधी माहीत हवं म्हणून. बहुतेक ठिकाणी दाराशीच काम झालं. केळ्याच्या आडत्याने सांगितलं की त्याला पहिल्यापासून माहीत होतं. दशम्यांच्या घरी कोणालाही पर्वा नव्हती. एकूण निष्कर्ष काय निघाला हे मला विचाराल तर त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणखी अभ्यास हवा, एवढं डॉक्टरबाई म्हणाल्या. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये फरक दिसतो आहे. मेंदूबद्दल इतक्यात बोलता येणार नाही. ‘होऊ शकतं’ ते अजून ‘होतं’ झालेलं नव्हतं.

लोधीपुऱ्यात मी शेवटी गेलो. वार बघून गेलो नव्हतो. रघुनाथराव पाटावर बसले होते आणि रूपालीने त्यांच्यापुढे भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठेवली होती. या गृहस्थांनी आयुष्यात उपवास केलेला नव्हता. ते स्वतःच सांगायचे की घरात एकाने केला की सगळ्यांना पुरतो. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असेल. ते म्हणाले, “धरले सोमवार. तिचे मोडले असतील तर भरून निघतील. नसतील मोडले, तर माझे मले.”

मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसले. मी शेजारी बसलो. मग बोलले ते माझ्याकडे न बघता, सरळ, जसा दुकानात एखादा हिशेब समजावून सांगावा तसं.

“केळ्याचं निघालं, तर तिचा एकही सोमवार मोडला नाही. मी खोटं बोललो नाही. पण मंग ती ते खाऊनही गेली. म्हणजे उपायच नव्हता. आन् मक्याचं निघालं, तर उपाय होता कदाचित, तिच्यापर्यंत आला नाही फक्त. पण मंग तिले मी फसवलं. दर सोमवारी. बाहेर जाऊन, परत येऊन फसवलं.” मग म्हणाले, “आता सांगा भाऊ, मी कोनतं मागू?”

मी सांगितलं की त्यांनी काहीही मागितलं तरी क्रमांक बदलणार नाही.

“ते समजते मले,” ते म्हणाले. “तुमाले माहीत आहे ना, काय होतं ते?”

“आहे.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. बातमीदारीत चेहरा कोरा ठेवायला शिकावं लागतं. तो मी ठेवला. रूपाली दारात येऊन उभी होती. तिलाही ऐकायचं होतं. रघुनाथरावांनी तिला आत जायला सांगितलं आणि ती गेली.

“राहू द्या तुमच्याजवळ,” ते म्हणाले. “एकदा कळलं का त्यातलं एक हातातून जाईन. आत्ता दोन्ही आहेत.”

त्या दिवशी मी तक्त्यात ‘माहिती नको’ या रकान्यात खूण केली. त्यासाठी रकाना होता. निघताना त्यांनी मला बसवून घेतलं आणि भगरीची ताटली पुढे केली. माझा उपवास नव्हता, तरी मी घेतली.

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी त्यांना फोन केला. नावं बदलून लिहितो म्हणालो, पण गावात ओळखणारे ओळखतीलच, हेही सांगितलं. ते म्हणाले की बाई असत्या तर लेख आधी तपासून घेतला असता. मग म्हणाले, लिहा. हा अंक दर दिवाळीला त्यांच्या घरी येतो. पूर्वी बाई वाचून दाखवायच्या, आता रूपाली दाखवते.

“सगळं लिहा,” ते म्हणाले. “तेवढं एक सोडून.”

तेवढं एक सोडलं आहे.